पहिल्यांदाच ब्लूज-रॉक ऐकायला जायचंय: पुण्यातला छोटा क्लब की मुंबईचा महोत्सव?

माझा भाचा सव्वीस वर्षांचा आहे. गेली दोन वर्षं तो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर गिटार घासतोय. परवा म्हणाला, "मामा, आता कुणाला तरी समोर बसून ऐकायचंय. पुण्याला एखाद्या क्लबात जाऊ, की पैसे साठवून मुंबईचा ब्लूज फेस्टिव्हल करू?" ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, त्यात विजेची गिटार आणि ड्रम जोरात आले की ब्लूज-रॉक. मी दोन्ही केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी महोत्सवाचं. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तिथं गिटारवाला बडी गाय वाजवून गेला. शिकागोत मडी वॉटर्ससारख्या ब्लूजच्या बुजुर्गाबरोबर वाजवलेला, १९३६ साली जन्मलेला हा माणूस. असा कलाकार पुण्यातल्या दीडशे माणसांच्या खोलीत येणार नाही, हे मान्यच करायला हवं. शिवाय एका तिकिटात चार-पाच जण ऐकायला मिळतात. शिलाँगचा सोलमेट बँड एका बाजूला आणि परदेशी पाहुणे दुसऱ्या बाजूला असं ऐकलं, की एकच बारा आवर्तनांचा साचा किती वेगवेगळा वाजू शकतो ते कळतं. खर्च मात्र मोठा. तिकीट हजारांत, वर महालक्ष्मी एक्सप्रेसचं जाऊन-येऊन भाडं आणि एक मुक्काम.

क्लबात तिकीट बहुतेक वेळा काही शे रुपयांत भागतं. कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, असेल तर तो खाण्यापिण्यात वळता होतो का, हे फोनवरच विचारून घ्यावं. पण पैसे वाचतात म्हणून मी क्लबाच्या बाजूनं बोलत नाही.

क्लब म्हटलं की आपल्याला कोल्हापूरचा गाण्याचा देवल क्लब आठवतो, १८८३ सालचा. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांसारखे थोर गवई राहिले, त्या गावाला बैठक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, आपली दाद त्याच्यापर्यंत पोचते आणि तिनं पुढची तान बदलते. छोट्या क्लबात नेमकं हेच होतं.

ब्लूजचा साचा आपल्या कानाला अवघड नाही. चार मात्रांचं एक आवर्तन, अशी चार आवर्तनं सा धरून, दोन म वर, परत दोन सा वर, मग एक प, एक म आणि शेवटची दोन पुन्हा सा वर. अशी बारा झाली की फेरी पूर्ण. गिटारवाला जो स्वर रडवतो, तो बऱ्याचदा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला असतो. तार आडवी ओढून तो तिथं पोचतो, सतारीवर मींड घेतात तशीच. महोत्सवात हे पडद्यावर दिसतं. क्लबात ते बोट तुमच्यापासून सहा फुटांवर असतं आणि ओढताना नखाखालची कातडी पांढरी पडलेली दिसते.

एकदा पुण्यात सोलो चालू असताना गिटारवाल्याची तार तुटली. दुसरी गिटार नव्हती. त्यानं मान हलवली, तसे बास आणि ड्रमवाले आवाज खाली आणून फेरी फिरवत राहिले. तो स्टूलवर बसला, खिशातली तार काढून ओवली, खुंटी पिळत सूर लावला. सगळी खोली चिडीचूप. चौथी फेरी संपता संपता तो बरोबर सा वर परत आला आणि जो आरडाओरडा झाला, त्याला आपल्याकडं एकच शब्द आहे, नाद खुळा. मोठ्या मंचावर तार तुटली तर बाजूनं कुणीतरी तयार गिटार हातात देतं. काम होतं, पण ते चार फेऱ्यांचं वाट बघणं तुम्हाला मिळत नाही.

क्लबाचे तोटेही तेवढेच खरे आहेत. नऊची वेळ म्हणतात आणि साडेदहाला सुरू करतात. छोट्या खोलीत ड्रम गायकाला गिळून टाकतो. एका ठिकाणी मला अख्ख्या कार्यक्रमात गाण्याचा एक शब्द कळला नाही. अॅम्प्लिफायरच्या अगदी समोर उभं राहू नका, आवाज जुळवणाऱ्या मिक्सरवाल्याच्या शेजारी जागा धरा. कानात घालायचे बोळे मेडिकलमधून घेऊन जा. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि असा बँड शंभरला सहज पोचतो. आई-वडिलांना न्यायचं असेल, किंवा तीन तास उभं राहणं जमत नसेल, तर क्लबाचा विचार सोडा. वयाची अटही आधी विचारा, विशीतल्या पोरांना बऱ्याचदा दारातूनच परतवतात.

परतीचा प्रश्न दोन्हीकडं आहे. महोत्सवाला मुक्काम ठरलेलाच. पुणं मात्र सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर, त्यामुळं रात्रीतच परतता येतं. मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्या खासगी बसगाड्या मध्यरात्रीनंतर चांदणी चौक, नवले पूल अशा येतात, त्यातली जागा आधीच राखून ठेवायची. स्वतःची गाडी नेली तर चालवणाऱ्यानं थेंबभरही घ्यायची नाही, खंबाटकी घाट पहाटे अडीचला ओलांडायचा असतो.

भाच्याला मी क्लब सांगितलाय. तोही शनिवारचा नको, गुरुवारचा. शनिवारी निम्मी खोली वाढदिवसाला आलेली असते आणि गिटारपेक्षा गप्पा जास्त ऐकू येतात. त्याची बोटं अजून तार ओढताना सुरापर्यंत पोचत नाहीत, आणि ती कशी पोचवायची हे त्याला सहा फुटांवरून बघायचंय. मुंबईचा महोत्सव पुढच्या वर्षी आम्ही दोघं मिळून करू. शुक्रवारची रजा त्यानं आजच टाकलीय.