आठ महिने वापरून: पाय चांगले निघाले, डोक्याने ताप दिला

ट्रायपॉड घेताना मी भलत्याच आकड्याला भुललो. खोक्यावर '8 किलो भार पेलतो' असं छापलं होतं. माझा कॅमेरा लेन्ससकट जेमतेम दीड किलो, म्हटलं चिंताच मिटली.

पायांबद्दल खरंच तक्रार नाही. ॲल्युमिनियमचे, चार टप्प्यांचे, लॉक फिरवून घट्ट करायचे. मिटलेल्या पायाचे तिन्ही लॉक एका मुठीत येतात, अर्धा फेरा दिला की पाय सुटतो. अगदी खालचा टप्पा बोटाएवढा बारीक आहे, म्हणून मी वरचे जाड टप्पे आधी उघडतो. मधला दांडा जवळजवळ वापरतच नाही. तो उचलला की वाऱ्याच्या झुळकेनेही कॅमेरा थरथरतो.

एकदा पाणथळ वाळूत उभा केला आणि दुसऱ्या दिवशी लॉक करकरायला लागले. पाय बाहेर ओढून पुसले, आट्यांमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढली. ते सोपं होतं. पण आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या कुठली बाजू वर करून बसतात ते बघून ठेवलं नव्हतं, त्यात तासभर गेला. तुम्ही खोलाल तेव्हा आधी मोबाइलवर फोटो काढा.

आता हेड, म्हणजे पायांवर बसणारा, कॅमेरा धरणारा भाग. सोबत आलेलं बॉल हेड (यात कॅमेरा एका गोळ्यावर हवा तसा वळवता येतो) लांबच्या दृश्यांना ठीक होतं. फुलांचे जवळून फोटो काढायला लागलो आणि त्याचं पितळ उघडं पडलं. फ्रेम जमवायची, नॉब आवळायचा, हात काढायचा, की कॅमेरा केसभर खाली बसायचा. केसभरच, पण अशा जवळच्या फोटोंत (मॅक्रोत) तेवढ्याने परागकोश फ्रेमबाहेर जातो. मग अंदाजाने थोडं वर धरून आवळायची सवय लावून घेतली. महिनाभर असा जुगार खेळलो. भार पेलणं म्हणजे कॅमेरा खाली न पडणं. जागचा न हलणं ही निराळी गोष्ट, आणि ती खोक्यावर छापत नाहीत.

सुदैवाने पायांवर 3/8 इंचाचा नेहमीचा स्क्रू होता, त्यामुळे फक्त हेड बदललं. नव्याचा बॉल मोठा आहे आणि घर्षण कमी-जास्त करायला वेगळा नॉब आहे. तो थोडा आवळून ठेवला की लॉक सैल केल्यावरही कॅमेरा मान टाकत नाही. कॅमेऱ्याच्या तळाला लावायची जुनी प्लेट आर्का पद्धतीची, म्हणजे बऱ्याच हेडना चालणाऱ्या मापाची, असल्याने यातही बसली. उभ्या फ्रेमला मात्र प्लेट अजून फिरते. एल-ब्रॅकेट, म्हणजे कॅमेरा उभाही बसवता येईल अशी काटकोनी प्लेट, घ्यावंच लागणार.

अंधुक फोटोंचा सगळा दोष मात्र हेडचा नव्हता. निम्मे बटण दाबताना माझ्या बोटाने बिघडवले होते. 2 सेकंदांचा टायमर लावायला लागल्यापासून ते थांबलं.

नव्या हेडने वजन वाढलंय, लांब चाललं की पट्टा खांद्याला रुततो. जुनं हेड टेबलावर मोबाइल धरायला ठेवलंय. तेवढ्याला ते घसरत नाही.