लिनक्सवर डिपेंडन्सी अडली तर: ॲप्ट, फ्लॅटपॅक की ॲपइमेज?

मालवण-देवगडकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. अशात उबुंटू या लिनक्सवर डेब फाईल (प्रोग्रामचं पॅकेज) डीपीकेजी या साधनाने बसवायला जावं आणि अमुक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा जोडकोड (डिपेंडन्सी), नाही म्हणून काम अडावं, तर घाईने गुगलवर ती लायब्ररी शोधू नका.

पहिली वाट ॲप्ट या उबुंटूच्या पॅकेज-साधनाचीच. डीपीकेजी फक्त हातातलं पॅकेज बसवतं, लागणाऱ्या लायब्रऱ्या आणणं ॲप्टचं काम. फाईलच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहा आणि फाईलच्या नावाआधी टिंब व तिरकी रेघ द्या. आधीच अर्धवट बसलं असेल तर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही दुरुस्तीची आज्ञा चालवा, पण 'वाय' दाबण्याआधी काय काय काढलं जाणार आहे ती यादी वाचाच. कधीकधी ॲप्ट तुमचा प्रोग्रामच काढून प्रश्न मिटवतं.

'नॉट इन्स्टॉलेबल' असं आलं तर ॲप्टच्या यादीत ते पॅकेजच नाही. ही यादी ताजी करणारं 'ॲप्ट अपडेट' केलंय का, युनिव्हर्स रिपॉझिटरी (उबुंटूचा जादा पॅकेजांचा साठा) चालू आहे का, हे पाहा. तरीही अडलं तर बहुधा फाईल उबुंटूच्या वेगळ्या आवृत्तीसाठी बनवलेली असते. तिथे हट्ट सोडावा. जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती लिबसी लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची आणून बसवली तर अख्खी सिस्टिम कोलमडू शकते.

मग फ्लॅटपॅक, प्रोग्राम बसवण्याची वेगळी पद्धत. तो लायब्रऱ्यांचा संच, म्हणजे रनटाइम, वेगळा आणतो, मूळ सिस्टिमला हात लावत नाही. पण पहिल्याच प्रोग्रामला काहीशे एमबी उतरतात, दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर हे जड जातं. तोच रनटाइम वापरणारे पुढचे प्रोग्राम मात्र हलके पडतात. शाळेत, ऑफिसात ब्रॉडबँड असेल तर मी हाच सुचवेन.

घरी रेंजच नसेल तर ॲपइमेज. अख्खा प्रोग्राम एकाच फाईलमध्ये, कणकवलीहून पेनड्राइव्हवर आणा, चालवण्याची परवानगी द्या, झालं. अपडेट बहुतेकदा स्वतःच बघावे लागतात. उबुंटू २२.०४ पासून बऱ्याच ॲपइमेजना लागणारी लिबफ्यूज२ ही लायब्ररी आधीपासून बसवलेली नसते, २४.०४ मध्ये तिचं नाव लिबफ्यूज२टी६४ आहे. नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज बसवू नका, त्याने डेस्कटॉपचे भाग निघून जाऊ शकतात.

ॲप्टच हवं पण नेट नाही, त्यांनी रेंज असतानाच ॲप्ट-ऑफलाइन हे साधन बसवून ठेवावं. ते हव्या पॅकेजांची यादी फाईलमध्ये काढतं. ती फाईल दुसऱ्याच्या नेटवर नेऊन पॅकेजं उतरवायची आणि घरी आणून बसवायची.