पुणे-जळगाव एटीआर फ्लाइट : लँडिंग आपटली म्हणून स्टार कापू नका

एटीआर म्हणजे पंख्यांचं छोटं विमान. सीट ठीक, वेळेवर निघाली, स्टाफ बोलायला चांगला, यावर जास्त काही लिहित नाही. मला लिहायचंय लँडिंगबद्दल, कारण आपल्याकडे लोक विमान जरा जोरात टेकलं की लगेच पायलट कच्चा होता म्हणतात आणि एक स्टार देऊन मोकळे होतात.

आमचं पण धपकन टेकलं. लगेच कचकन ब्रेक, पंख्यांचा आवाज बदलला, पट्टा पोटात रुतला. शेजारचे काका म्हणाले, "काय भो, आपटलंच ना त्यानं!" मी म्हटलं काका, मुद्दाम टेकवलंय तसं, आणि बरोबरच केलंय.

आपल्या जळगावची धावपट्टी साधारण 1700 मीटर, मुंबईची मोठी पट्टी हिच्या दुप्पट. आमचं एटीआर-72 विमान एक हजार मीटरच्या आत थांबू शकतं त्यामुळे जागा पुरते, पण हा हिशोब कधी, तर विमान पट्टीच्या तोंडावर 50 फुटांवरून आणि ठरलेल्या स्पीडनेच आलं तर. स्पीड 10 टक्के जास्त असला की थांबायला 20 टक्क्यांच्या आसपास जास्त जागा लागते, 10 फूट जास्त उंचावरून आलं की 200 फूट पट्टी गेलीच समजा, मागून वारा असला की आणखी. आणि पॅसेंजर खूश व्हावेत म्हणून मऊ टेकवायला गेलं तर विमान तरंगत राहतं, सेकंदाला 50 मीटरच्या वर पट्टी खाली सरकत जाते आणि हवेत ब्रेक तर लागत नाही ना! पावसात तर जोरात टेकवलेलंच चांगलं, टायर पाण्याचा थर फोडून डांबराला भिडतो. आपल्या मे महिन्यात वेगळीच गोष्ट, 45 डिग्रीत हवा पातळ होते, मग मीटरवर स्पीड तोच दिसला तरी जमिनीवर विमान जास्त जोरात धावतं.

विमान पट्टीच्या पुढे निघून गेलं आणि मंगळूरला 2010 मध्ये 158 माणसं गेली, कोळिकोडला 2020 मध्ये तसंच 21. त्या पट्ट्या आपल्यापेक्षा कितीतरी लांब, विमानं मात्र जेट, त्यांना थांबायला जागा जास्त लागते, आणि दोन्हीकडे विमान निम्मी पट्टी ओलांडून किंवा निम्म्यावर जाऊन टेकलं. दोन्हीकडे को-पायलटने "गो अराउंड", म्हणजे लँडिंग सोडून परत वर चल, म्हटलं होतं तरी लँडिंग रेटली. हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय, जो पायलट जमत नाही दिसल्यावर विमान परत वर उचलतो त्याला मी पाचपैकी पाच देणार. मागे पावसाळ्यात याच रूटवर तसं झालं होतं, कुसुंब्याकडची शेतं खाली दिसायला लागली आणि एकदम इंजिन वाढवून परत वर. लोक वैतागले, कोणाला लग्नाला पोचायचं होतं, कोणाला सोन्याच्या दुकानात. दुसऱ्या फेरीत नीट उतरवलं त्याने.

बाकी कामाचं सांगतो. चढायचं दार मागे असतं, त्यामुळे लवकर उतरायचं तर मागची सीट घ्या. पंख्यांच्या रेषेत आवाज जास्त येतो, लहान लेकरू असेल तर तिथं बसू नका. वरचे कप्पे छोटे आहेत, मोठी बॅग आधीच काउंटरला देऊन टाका. आणि हवामान खराब म्हणून फ्लाइट दुसरीकडे वळवली तर काउंटरवरच्या पोरींवर ओरडू नका भाऊ, तो निर्णय कॅप्टनचा असतो आणि तुमच्या जिवासाठीच असतो.

माझ्याकडून पूर्ण पाच स्टार.