रूम ईक्यू विझार्ड: सोफा सरकवण्याआधी उघडायचं सॉफ्टवेअर

खर्जातला एकच सूर फुगतो, डग्ग्याचा घुमारा रेंगाळतो आणि खापर फुटतं स्पीकरवर. बहुतेक वेळा चुकलेली असते ती स्पीकरची किंवा बसण्याची जागा. ती शोधायला जॉन मल्केही यांचं हे मोफत सॉफ्टवेअर फार मोलाचं आहे, आणि त्यातलं रूम सिम्युलेटर तर सगळ्यात आधी उघडावं.

समजा, हॉल १५ × १० फूट, उंची साडेनऊ फूट. मापं भरायची, मग स्पीकर आणि श्रोत्याचं डोकं माउसने ओढत राहायचं. कोणता सूर किती जोरात ऐकू येईल त्याचा आलेख लगेच बदलतो. लांबीचे अनुनाद (समोरासमोरच्या भिंतींमध्ये फुगणारे सूर) पडतात ३७.५ आणि ७५ हर्ट्झला. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर दोन्ही पुऱ्या जोराने कानावर आदळतात. कान भिंतीपासून ३ फुटांवर आणले की ७५ चा जोर सुमारे १० डेसिबलने उतरतो, ३७.५ चा जेमतेम २ ने. पाच फुटांवर दोन्ही ६-६ डेसिबलने खाली येतात. बरोबर मधोमध मात्र बसू नये: ३७.५ गायब होतो आणि ७५ पुन्हा पूर्ण उसळतो.

रुंदीचा ५६ हर्ट्झचा अनुनाद दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून समान अंतरावर असले की जवळपास उठतच नाही. उंचीचा ५९ चा मात्र सोफा कुठेही नेला तरी तसाच राहतो; तो ईक्यूनेच (ठराविक सूर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने) दाबावा.

उणीव एकच, पण मोठी. हे गणित बंद, चौकोनी खोलीचं आहे. उघडं स्वयंपाकघर, बाल्कनीचं सरकतं दार असेल तर आकडे हलतात. म्हणून शेवटी माइक हवाच. यूमिक-१ हा यूएसबी मोजणी-माइक पुरेसा आहे. त्याच्या सीरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या चुका दुरुस्त करणारी) आठवणीने लोड करा. माइक कानाच्या उंचीवर, स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) १५ ते ३०० हर्ट्झ, आधी एकेक स्पीकर, मग दोन्ही. स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) बंदच ठेवा, नाहीतर अरुंद शिखरं पुसली जातात. दर मोजणीनंतर माइक ६ इंच सरकवा आणि जमिनीवर मास्किंग टेपने खूण करा.

वॉटरफॉल आलेखात (कोणता सूर किती वेळ रेंगाळतो ते दाखवणाऱ्या) लांब शेपटी असलेलं शिखर म्हणजे अनुनाद. शेपटी नसलेला ८६ हर्ट्झजवळचा खड्डा दिसला तर स्पीकरमागच्या भिंतीचं अंतर मोजा. ते १ मीटरच्या आसपास निघेल. भिंतीवरून परतलेला आवाज थेट आवाजाला खोडतो, म्हणून हा खड्डा ईक्यूने भरत नाही, ॲम्प्लिफायरवर ताण तेवढा येतो. स्पीकर भिंतीपासून दीड फुटावर आणला की खड्डा १९० हर्ट्झच्या आसपास सरकतो.