न्यू जर्सीत पहिलं पिस्तूल: रुगर सिक्युरिटी-९ कॉम्पॅक्ट

घरासाठी पहिलं पिस्तूल म्हणून मी रुगर या अमेरिकन कंपनीचं सिक्युरिटी-९ कॉम्पॅक्ट घेतलं. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच: कुठलं घेतलंस, केवढ्याला पडलं, आणि कायदे कडक होणार म्हणतात तर आत्ताच घेऊन टाकू का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. भीतीपोटी घाईघाईत घेऊ नका. निवांत घ्या, आणि त्याहून निवांतपणे शिका.

मी फार्मासिस्ट आहे. आठवड्यातले काही दिवस दुकान बंद करून घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. नवऱ्याचं काम फिरतीचं, घरात नऊ वर्षांचा मुलगा. देशी घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत आहे. आमच्या मिडलसेक्स काउंटीत त्यासाठी हेरून घरं लुटल्याची प्रकरणं थेट फेडरल कोर्टापर्यंत गेली आहेत. साताऱ्याकडच्या माझ्या मामांकडे डुकरांपासून पीक राखायला बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हे मी लहानपणापासून बघत आले. त्यामुळे शस्त्र आलं की कागद आणि जबाबदारी त्याच्यासोबत येते, हे मला नवीन नव्हतं.

न्यू जर्सीत पिस्तुलाची निवड दुकानात सुरू होत नाही, ती अर्जापासून सुरू होते. त्यात फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड, म्हणजे शस्त्रखरेदीचं ओळखपत्र, आणि पिस्तुलासाठी वेगळं परमिट. एका परमिटवर एकच पिस्तूल, आणि महिन्याभरात दुसरं घेता येत नाही. २०२२ च्या कायद्यांनी कार्डाची फी ५ डॉलरवरून ५० आणि परमिटची २ डॉलरवरून २५ झाली, शिवाय कार्डासाठी प्रशिक्षण सक्तीचं झालं. बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला तुमची संमती आणि तुम्हाला ओळखणारी दोन माणसं, हे सगळं लागतं. मी संदर्भासाठी ज्यांची नावं देणार होते त्यांना आधी फोन करून सगळं समजावून सांगितलं. तुम्हीही तसंच करा. पोलिसांकडून अचानक फॉर्म आला तर आपली माणसं घाबरतात आणि तो तसाच पडून राहतो. परमिट ९० दिवस चालतं, सबळ कारण असेल तर आणखी ९० दिवस वाढवून मिळतं. पिस्तूल आधी ठरवून ठेवायचं ते यासाठीच.

एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी मुद्दाम लिहिते. फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना शस्त्र बाळगायला साधारणपणे बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. नुसतं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, हातात घेऊन पाहणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं, आणि तिथं पणाला लागतं ते ग्रीन कार्ड. दुसरी गोष्ट गांजाची. या राज्यात तो आता दुकानात मिळतो, पण पिस्तूल घेताना भरायच्या फेडरल फॉर्मवर त्याबद्दल सरळ प्रश्न आहे, आणि राज्यानं परवानगी दिली असली तरी फेडरल कायद्यानं तो बेकायदाच आहे हे तिथंच छापलेलं आहे.

आता पिस्तुलाकडे येते. बजेट चारशे डॉलरच्या आत. त्यात टॉरसचं जी३सी सगळ्यांत स्वस्त, स्मिथ अँड वेसनची एसडी९ मालिका त्याच्या जरा वर, आणि रुगर. ग्लॉक १९ ची सगळे स्तुती करतात आणि ती खरीही आहे, पण त्याला साडेपाचशेच्या पुढे जावं लागतं. माझा हिशोब असा होता की वरचे दोनशे डॉलर पिस्तुलात घालण्यापेक्षा काडतुसांत घालावेत. नऊ एमएमच्या ५० काडतुसांची साधी पेटी मला पंधरा डॉलरच्या आसपास पडते. त्या दोनशेंत सहाशेहून जास्त गोळ्या झाडून होतात. नवशिक्या हाताला महागड्या पिस्तुलापेक्षा त्या जास्त शिकवतात.

न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसवायची काडतुसांची डबी, चालत नाही. २०१८ पर्यंत ही मर्यादा पंधराची होती. त्यामुळे नेटवर स्वस्तात दिसणारी बरीच पिस्तुलं आपल्यासाठी नसतातच, किंवा त्यांची दहावाली आवृत्ती शोधत बसावं लागतं. सिक्युरिटी-९ कॉम्पॅक्ट मुळातच दहाच्या दोन मॅगझिनांसह येतं. उद्या मर्यादा आणखी खाली आली तर काय, असं मला एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं विचारलं होतं, आणि लगेच जोडलं की आज नेलं नाहीत तर पुढच्या महिन्यात मिळायचं नाही. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा घराबाहेर पिस्तूल बाळगायच्या हक्काबद्दलचा ब्रुएन निकाल आला आणि पुढच्याच महिन्यात राज्याचे नवे कायदे आले, तेव्हापासून हे बोलणं सतत कानावर पडतं. कायद्यांची काळजी खोटी नाही. स्मिथ अँड वेसननं मॅसॅच्युसेट्समधल्या प्रस्तावित कायद्याचं कारण देऊन आपलं मुख्यालय २०२३ मध्ये टेनेसीला हलवलं. पण काउंटरवरचा माणूस तुम्हाला ऊर फुटेस्तोवर पळवू लागला तर तिथून निघावं. मी निघाले आणि दुसरीकडे घेतलं, जिथं मला रिकामं पिस्तूल हातात देऊन हवा तेवढा वेळ बघू दिलं.

तिथल्या बाईंनी मला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढायची पद्धत शिकवली. माझ्यासारख्या बारीक हाताच्या बायकांचा पहिला अडथळा हाच असतो. चिमटीत धरून मागे खेचायला गेलं की बोटं घसरतात. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, नळीचं तोंड समोर टार्गेटकडेच, बोट ट्रिगरच्या बाहेर सरळ. डाव्या तळव्यानं स्लाइड वरून घट्ट पकडायची आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं. जोर मनगटात नाही, खांद्यात येतो. सिक्युरिटी-९ ची स्लाइड अशी पहिल्याच खेपेला मागे आली. ज्यांना तरीही जमत नाही त्यांनी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघावं. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवली आहे, मॅगझिन आठाचं आहे, फक्त किंमत थोडी जास्त.

वजन रिकामं असताना ६२० ग्रॅमच्या आसपास, नळी साडेतीन इंचांहून किंचित कमी. हलक्या पिस्तुलाचा झटका जास्त लागतो, तसा याचाही मनगटाला जाणवतो, पण दुसरी गोळी झाडण्याआधी नेम धरायचा पुढचा पांढरा ठिपका पुन्हा जागेवर आणता येतो. घोडा, म्हणजे मागचा हॅमर, आत दडलेला आहे. ट्रिगर लांबून येतो आणि शेवटी स्वच्छ सुटतो. नवशिक्याला हा लांब प्रवास मला फायद्याचा वाटतो, चुकून हलकं बोट लागून गोळी सुटायची शक्यता कमी होते. शिवाय अंगठ्यानं लावायचा सेफ्टीचा खटका आहे. तो लहान आणि थोडा कडक आहे, आणि फक्त डाव्या बाजूला आहे, म्हणजे उजव्या हाताच्या माणसासाठी. साफसफाईसाठी खोलताना एक छोटी पिन चपट्या स्क्रूड्रायव्हरनं उचकटून काढावी लागते. मला त्याचा त्रास वाटत नाही, दर रेंजनंतर टेबलावर जुना टॉवेल पसरून मी हे काम शांतपणे करते.

दुकानात मला सव्वातीनशे डॉलरच्या आसपास पडलं. त्यात फी, प्रशिक्षण, कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण, काडतुसं, आणि कपाटात बोल्टनं ठोकलेली आकड्यांची तिजोरी मिळवा. तिजोरीवर काटकसर करू नका. अल्पवयीन मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं इथे गुन्हा आहे, पण मला ते कायद्यानं सांगावं लागलं नाही. तिजोरीचा आकडा मुलाला माहीत नाही, आणि पिस्तूल दिसलं तर हात न लावता मोठ्या माणसाला बोलवायचं हे मात्र त्याला पाठ आहे. त्याच्या मित्रांच्या घरी खेळायला पाठवताना मीही आता विचारते, की तुमच्याकडे शस्त्र असेल तर कुलपात आहे ना. कुणाला राग आला तरी चालेल, हे विचारायलाच हवं.

पिस्तूल विकत घ्यायचं परमिट म्हणजे ते पर्समध्ये घेऊन फिरायचं परमिट नव्हे. ते वेगळं, त्याची फी २०० डॉलर आणि नेमबाजीची परीक्षा वेगळी. मी ते काढलेलं नाही. रेंजवर नेताना पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, गाडीच्या डिकीत. वाटेत पटेल ब्रदर्सला थांबून भाजी घेणं वगैरे नाही, सरळ रेंज आणि सरळ घर. आणि न्यू जर्सीचे कागद हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये चालत नाहीत. फ्लशिंगच्या गणपतीला जायचं असेल तर आदल्या रेंजची पेटी डिकीत राहिली नाही ना हे बघूनच निघावं, न्यूयॉर्कमध्ये त्यापायी तुरुंगात जायची वेळ येऊ शकते.

उजव्या हाताच्या, घरासाठी घेणाऱ्या आणि महिन्यातून एकदा तरी रेंजवर जायची तयारी असलेल्या माणसाला मी हेच पिस्तूल सुचवेन. रेंजवर जायला वेळच मिळणार नसेल, तर तेच पैसे दाराचं भक्कम कुलूप, अलार्म आणि सोन्यासाठी बँकेचा लॉकर यांवर घाला. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंना खटका असलेलं दुसरं बघावं.