घरच्या घरी दहावी : मुक्त विद्यालयाविषयी बेळगावातून एक अभिप्राय

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एखाद्या कुटुंबाने मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे ठरवले, की "मग दहावीचे काय?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जातो. आमच्या घरापुरते त्याचे उत्तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे लोक ज्याला नुसते एनआयओएस म्हणतात ते, असे ठरले. मुलगा तिथल्या दहावीच्या अभ्यासक्रमाला आहे आणि मुलगी बारावीच्या. ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, घराला काय देते आणि कोणत्या गोष्टी सर्वस्वी घरावरच टाकते, हे या मार्गाचा विचार करणाऱ्या पालकांसाठी लिहीत आहे.

ही संस्था काल-परवाची नाही. 1979 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून तिची सुरुवात झाली, 1989 मध्ये ती नॅशनल ओपन स्कूल या नावाने स्वायत्त झाली आणि 2002 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. दहावीच्या प्रवेशासाठी वयाची 14 वर्षे पूर्ण असावी लागतात, बारावीसाठी 15. सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही 6 ते 14 याच वयापुरता असल्यामुळे किशोरवयात शाळा सोडणाऱ्या मुलासाठी ही दोन टोके नेमकी जुळतात. उत्तीर्ण होण्यासाठी किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यांत एक किंवा दोन भाषा असतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन सार्वजनिक परीक्षा दरवर्षी होतात. एकदा घेतलेली नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एका दमात देण्याची सक्ती नाही. मुलाने आधी भाषा आणि सामाजिक शास्त्रे उरकली, गणिताला हवा तेवढा वेळ घेतला, आणि त्यामुळे घरात गणितावरून होणारी रडारड बरीच कमी झाली.

सीमाभागातल्या घराला या व्यवस्थेचा एक खास उपयोग आहे, आणि तो बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आमची घरे कर्नाटकात, निम्मे नातेवाईक कोल्हापूर-सांगलीकडे, आणि मुले पुढे धारवाडला शिकतील की पुण्याला हे बारावीनंतरच ठरणार. राज्याच्या मंडळात असलेल्या मुलाला मधेच राज्य बदलावे लागले तर पुस्तके, भाषा, गुणपत्रिका सगळेच नव्याने जुळवावे लागते. मुक्त विद्यालय राष्ट्रीय मंडळ असल्याने मधेच बिऱ्हाड हलले तरी अभ्यासक्रम तोच राहतो. दहावीला मराठी माध्यम घेता येते, शिवाय मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा विषय म्हणून उपलब्ध आहेत. आमच्याकडे मुलाने दोन्ही घेतल्या. बेळगावात राहून बाजारात, बसमध्ये आणि कचेरीत जी भाषा लागते ती परीक्षेसाठीही शिकली गेली, तर त्यात तोटा कोणाचाच नाही.

तरीही हे मंडळ शिकवत नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वीच नीट समजून घ्यावे. अभ्यास केंद्रांवर संपर्क वर्ग असतात, स्वयम या सरकारी मंचावर नववी ते बारावीची व्याख्याने पाहता येतात, पण रोज सकाळी मुलाला पुस्तकापाशी कोण बसवणार, याची व्यवस्था पालकांनीच करायची. पुस्तके स्वतः वाचून समजावीत अशा बेताने लिहिलेली आहेत. धड्याच्या मधेमधे लहान प्रश्न येतात आणि उत्तरे धड्याच्या शेवटी सापडतात, ही पद्धत मला आवडली. मांडणी मात्र कोरडी आहे, आणि उदाहरणे अशी की ती भारतातल्या कोणत्याही गावाची असू शकतील, म्हणजेच कोणत्याच गावाची नाहीत.

ही उणीव आम्ही आमच्या परीने भरून काढली आणि मुलांच्या व आमच्या एकत्र आठवणी खरे तर तिथेच तयार झाल्या. जलविभाजक म्हणजे काय, हे वाचल्यावर आम्ही खानापूर तालुक्यात कणकुंबीला गेलो. तिथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळते, तर त्याच तालुक्याच्या रानात उगवणारी म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरते. एकाच डोंगररांगेवर पडलेल्या पावसाचे काही पाणी बंगालच्या उपसागराला आणि काही अरबी समुद्राला मिळते, हे मुलांनी चिखलात उभे राहून, नकाशा छत्रीखाली धरून पाहिले. स्वातंत्र्यलढ्याचा धडा आला तेव्हा टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपर्यंत चालत गेलो. 1924 च्या ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले, ते आपल्याच गावात भरले होते, हे रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या मुलीला तोवर ठाऊक नव्हते. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथले जैन मंदिर, 1204 मधली. तिच्या छतातून खाली झुकलेले दगडी कमळ मुलाने खाली उताणे पडून रेखाटले. वर्गाची सहल असती तर एवढा वेळ त्याला कोणी दिला नसता.

सर्वांत रंगलेला धडा मात्र स्वयंपाकघरात झाला. रसायनशास्त्राच्या पाठांच्या जोडीला सासूबाईंनी कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, करायला घेतला. जाड बुडाच्या कढईत दूध आटत आले, त्यात चमच्या-चमच्याने दही पडले आणि दूध कणीदार फुटू लागले, तेव्हा आम्लाने दुधातली प्रथिने कशी गोळा होतात हे पुस्तकातले वाक्य मुलाने आपणहून मोठ्याने वाचले. साखर मात्र सासूबाईंनी वेगळ्या पातेल्यात तांबूस करायला ठेवली. "आज्जी, साखर दुधातच का नाही घालायची?" असे त्याने विचारताच त्या म्हणाल्या, "दुधात ती कधी लाल होईल रे?" त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. दुधात पाणी शिल्लक असेपर्यंत कढईतले तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि साखरेला तो रंग व किंचित कडसर वास यायला साधारण 160 अंश लागतात. मुलाने हे वहीत लिहिले, आजीला वाचून दाखवले, आणि "मग मला एवढे दिवस कोणी विचारले का नाही?" असे त्या म्हणाल्यावर सगळे घर हसले.

आता तक्रारीकडे येते. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय, त्यांना 20 टक्के भार असतो, आणि त्यांच्या तारखा पाळणे ही पालकाच्या डोक्याला कायमची कटकट आहे. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, स्वाध्याय, प्रवेशपत्र हे सगळे संकेतस्थळावरून होते. शाळेत जी कामे कारकून आणि वर्गशिक्षक करतात, ती इथे आईने किंवा बाबांनी करायची. ज्या विषयांना प्रात्यक्षिके आहेत त्यांसाठी अभ्यास केंद्राशी आधीच बोलून ठेवावे, आयत्या वेळी धावपळ करू नये. आणि सोबत्यांची उणीव हे मंडळ भरून काढत नाही, तशी त्याच्याकडून अपेक्षाही नसावी. मुलगी संध्याकाळी कबड्डीला जाते आणि दोघेही सार्वजनिक वाचनालयात नेमाने जाऊन बसतात, तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला चाळीस जणांच्या वर्गातला गोंगाटही हवा असतो, हे मी नाकारणार नाही.

ज्या घरात दिवसा एक तरी मोठे माणूस असते, ज्याला मुलांच्या शेजारी बसून वाचण्याचा कंटाळा नाही, त्या घराने हा मार्ग जरूर घ्यावा. आई-वडील दोघेही सकाळी आठला बाहेर पडत असतील आणि मुलगा स्वभावाने चालढकल करणारा असेल, तर पाच वर्षांची ही सवलतच त्याला बुडवील. शाळेच्या दहावीत काही विषयांत उत्तीर्ण होऊन बाकीच्यांत अडकलेल्या मुलांसाठी मात्र मी निःशंकपणे शिफारस करीन, कारण मान्यताप्राप्त मंडळाकडून आधी मिळवलेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इथे पुढे धरता येतात.

परीक्षेची पाळी निवडताना आपल्याकडचे दिनमानही पाहावे. एप्रिल-मे म्हणजे आपल्या खेड्यांतल्या जत्रांचा आणि लग्नसराईचा हंगाम. घरी पाहुण्यांचा राबता असतो, मुलांना पुस्तकात मान घालून बसवणे कठीण आणि बसवले तरी क्रूरच. ऑक्टोबरची परीक्षा गणपतीनंतर येते आणि पावसाळाभर अभ्यासाला निवांत वेळ मिळतो, म्हणून मुलीचे लेखाशास्त्र आम्ही त्याच पाळीला ठेवले आहे.