ग्राफिक्स कार्डाचा बाहेरचा कूलर, आठ महिन्यांनंतर: कूलर चांगला, पिल्लं नालायक

आधीच सांगतो, कार्डाचा मूळ कूलर काढून त्याच्या जागी बसवलेला मोठा कूलर उत्तम आहे. पाचपैकी साडेचार. पण लिहायला बसलो ते त्याच्यासाठी नाही. त्याच्यासोबत एका पिशवीत नखाएवढे ॲल्युमिनियमचे हीटसिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारे तुकडे) येतात, मेमरीच्या चिपांवर आणि व्हीआरएमवर, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या भागावर, चिकटवायचे. आमच्या घरी त्यांना पिल्लं म्हणतात. माझा या आठ महिन्यांतला निम्मा वेळ या पिल्लांनी खाल्ला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे शिव्या आहेत. ओळखणारे ओळखतील.

कार्ड आरएक्स ५८०, ८ जीबी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि ही कार्डं बाजारात ढिगाने आली, त्याच लाटेतलं. मला ८,००० ला पडलं. देणारा म्हणाला, "भाऊ, फक्त गेमिंग केलंय." मायनिंगचं कार्ड विकणारा दुसरं काही म्हणाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. दिवसरात्र फिरलेले पंखे ते. फेब्रुवारी २०२४ मध्ये डावा घरघरायला लागला आणि दोन आठवड्यांत थांबला. पेन्सिलने ढकलला की फिरायचा, जुन्या टेबलफॅनसारखा. गेममध्ये ८४ अंश, उजवा पंखा बिचारा पूर्ण वेगाने एकटाच ओरडतोय. सर्व्हिस सेंटरवाल्याने स्क्रूवरचं वॉरंटीचं फाटलेलं स्टिकर पाहिलं आणि कार्ड माझ्या हातात परत ठेवलं. दोन मिनिटं लागली. जाण्यायेण्याचा दीड तास वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, वरचं प्लास्टिक काढून १२० मिमीचे दोन पंखे केबल टायने बांधायचे, विषय संपला. बरोबर आहे. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण माझ्या कार्डाच्या हीटसिंकच्या पट्ट्या वाकलेल्या, नळ्यांवर हिरवट डाग, चिपांची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारे थर्मल पॅड बोट लावलं की भुगा. आणि खरं सांगायचं तर मला मोठा कूलर लावून पाहायचाच होता, दहा वर्षांपासून.

आर्क्टिकचा ॲक्सेलेरो आणि रायजिनटेकचा मॉर्फियस ही या प्रकारातली जुनी नावं. नव्या कार्डांवर कंपन्या स्वतःच विटेएवढे कूलर देतात, त्यामुळे हा बाजार आटला. एनझेडएक्सटीचं क्रॅकन जी१२ म्हणजे प्रोसेसरचा पाण्याचा कूलर कार्डावर बसवायची पट्टी. पण पाण्याचा एक कूलर घरात आहे, तोच गळतो. सीताबर्डीत तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या ठिकाणी गल्ल्यावरच्या काकांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कूलर पाहिजे तर इतवारीत जा ना जी, इथं कुठं?" नागपुरात कूलर म्हणजे खोली थंड करणारा: पंप, ताट्या (पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या) आणि टाकी. त्यांची चूक नाही.

शेवटी पुण्याच्या एकाकडून वापरलेला मिळाला, २,२०० ला. सहा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), पंखे नाहीत, पिल्लांची पिशवी फोडलेली पण पूर्ण. आर्क्टिक पी१२ पंख्यांची जोडी १,५५०, कार्डावरच्या बारक्या चार पिनांच्या सॉकेटला साधा पंखा जोडायची वायर ३८०, नवी थर्मल टेप २४०. बेरीज ४,३७०. आठ हजारांच्या कार्डावर. बाबा म्हणाले, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला." सावजीच्या गावात राहून मसाल्याला नावं ठेवतात.

बसवणं कठीण नाही, किचकट आहे. विकत घेण्याआधी कार्डावरच्या चार भोकांमधलं अंतर मोजून घ्या, कूलरच्या पट्टीवर भोकांचे दोन-तीन संच असतात आणि तुमचं अंतर त्यात हवंच. जुना कूलर थेट उपटू नका. दहा मिनिटं गेम चालवून कार्ड गरम करा, मग काढा आणि हलकं पिळून सोडवा. ग्राफिक्सच्या चिपवर प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं, उघडी काच समजा. स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा, एकेक पूर्ण आवळत बसलात तर चिपचा कोपरा उडेल. पंख्यांसकट याने मदरबोर्डाचे चार स्लॉट खाल्ले, खालचं वायफाय कार्ड गेलं, आता यूएसबीचं वापरतो. वजनाने कार्ड झुकतं म्हणून खाली सुताराकडचा लाकडी ठोकळा. दिसायला भयाण, पण बाजूची काच मी तशीही लावत नाही.

पहिला निकाल: खोली ३३ अंशांवर, कार्ड ६१. पंखे मिनिटाला हजार फेऱ्यांवर. मी खुर्चीत मागे रेलून बसलो होतो, आठवतंय.

आता पिल्लं.

टॉवर कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं आणि चिपांची बाजू जमिनीकडे असते. म्हणजे तुम्ही टेबलावर प्रेमाने चिकटवलेलं प्रत्येक पिल्लू आयुष्यभर वटवाघळासारखं उलटं लटकणार. आठ मेमरीच्या चिपांवर आठ, व्हीआरएमवर पाच. तेरा. (आईने आकडा ऐकला आणि म्हणाली, दुसरा कोणताही आकडा चालला नसता का.) या तेरा जणांना धरून काय ठेवतं, तर टेपचा एक चौकोन. स्क्रू नाही, क्लिप नाही. एवढा मोठा कूलर बनवणाऱ्या माणसांना चार स्प्रिंगा सुचू नयेत?

नवव्या दिवशी पहिलं पडलं. पडलं तेही वायफाय कार्डाच्या रिकाम्या स्लॉटपाशी, बोटभर बाजूला मदरबोर्डाच्या उघड्या पिना. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं हे सांगायला नको. मी तेव्हा टेपला भरपूर शिव्या दिल्या, पण चूक निम्मी माझी निघाली. जुने थर्मल पॅड चिपवर सिलिकॉनचं तेल सोडतात, डोळ्यांना दिसत नाही. एकदा पुसून भागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, चिप कोरडी करा, हेअर ड्रायरने टेप कोमट करा आणि प्रत्येक पिल्लू अर्धा मिनिट दाबून धरा. तेरा पिल्लं, साडेसहा मिनिटं, अंगठा सुन्न. यानंतर एप्रिलभर शांतता.

मग मे आला. आमची खोली मानेवाड्याकडे, वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. ताट्यांचा कूलर लावूनही दुपारी ३६, बंद असला की ३९. इथे एक गोष्ट समजून घ्या: हवेने थंड होणारं कार्ड खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, खोलीच्या वर ते किती अंश राहतं तेवढंच मोजायचं. माझं २८ ते ३० वर राहतं. त्यामुळे पुण्याच्या माणसाने "माझं तर ५५ वर असतं" असं सांगू नये, आमची सुरुवातच तुमच्यापेक्षा दहा अंश वरून आहे.

तर कार्ड ६८. ठीक. पण व्हीआरएम १०४! कारण साधं आहे. मूळ कूलरला खाली एक पत्रा असतो, तो पॅडमधून व्हीआरएमला टेकतो. नवा कूलर फक्त मधल्या चिपला टेकतो, बाकी सगळं पिल्लांच्या भरवशावर. नेमक्या त्याच आठवड्यात, ३० मे २०२४ ला, नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. (आमचा खरा विक्रम ४७.९ चा, २३ मे २०१३.) मी म्हटलं, आपलाही सेन्सर बिघडला असेल. खात्री करायला कार्डाच्या मागच्या बाजूला बोट लावलं. सेन्सर बिघडलेला नव्हता.

दोन दिवसांनी रात्री दीडला व्हिडिओ रेंडर लावला होता आणि लाइट गेली. कूलर बंद, पंखा बंद, पीसी बंद, अख्खा मोहल्ला चिडीचूप. आणि त्या शांततेत कॅबिनेटमधून आवाज आला: टिंग. थोड्या वेळाने आणखी एक. टिंग. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "काय पाडून राहिला रे?" व्हीआरएमवरची दोन पिल्लं. त्या उष्णतेत टेप तव्यावरच्या लोण्यासारखी मऊ झाली होती. लाइट गेली नसती तर पडल्याचं कळलंही नसतं, कारण ताट्यांच्या कूलरच्या घोंगावण्यात टिंग काय, ताट पडलं तरी ऐकू येत नाही.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. एक, व्हीआरएमची पाचही पिल्लं दोन नळ्यांच्या थर्मल चिकटद्रव्याने बसवली, ४५० रुपये. हे कायमचं काम आहे, काढायला गेलात तर खालची मॉस्फेट, म्हणजे व्हीआरएमची चिपसुद्धा सोबत येईल. मेमरीवर वापरायचं धाडस झालं नाही, तिथे टेपच ठेवली. मित्राने सुचवलं होतं की मध्ये थर्मल पेस्ट आणि दोन कोपऱ्यांत फेविक्विकचा ठिपका. लोक करतात, चालतं म्हणे. मी नाही केलं.

दुसरी गोष्ट, अंडरव्होल्ट. ड्रायव्हरमध्ये जाऊन वरच्या पायरीचा व्होल्टेज ११५० मिलिव्होल्टवरून १०५० वर आणला. दहा-दहाने उतरत, प्रत्येक वेळी अर्धा तास गेम चालवून. गेमच्या फ्रेममध्ये, म्हणजे वेगात, फरक शून्य. चिपची वीज १३८ वॉटवरून १०७ वर. कार्ड ६८ वरून ६१, व्हीआरएम चिकटद्रव्यासकट ७९. आणि याला लागले रुपये शून्य. इथे माझं मत बदललं, कबूल करतो. हे मी पहिल्या दिवशी केलं असतं आणि जुन्या हीटसिंकवर दोन पंखे बांधले असते, तर २,२०० वाचले असते आणि पिल्लांचं तोंड पाहावं लागलं नसतं. तुम्ही खरेदीच्या विचारात असाल तर आधी हे करा, मग खिशात हात घाला.

अजून एक भानगड फक्त आपल्याकडची. ताट्यांच्या कूलरचा झोत थेट पीसीवर असेल तर थंड हवेसोबत बारीक तुषारही जातात. बोअरच्या पाण्याचा पांढरा खार जूनमध्ये कार्डाच्या पट्ट्यांवर मिठासारखा बसलेला सापडला. पीसी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, दोन अंश वाढले, चालेल.

पंख्यांची वायर कार्डालाच जोडा. मी सुरुवातीला मदरबोर्डाला जोडली होती, तर पंखे प्रोसेसरच्या तापमानावर नाचायचे आणि कार्ड तापत बसायचं.

पावसाळ्यात सांगण्यासारखं काही झालं नाही.

खरी गंमत ऑक्टोबरच्या शेवटी. ताट्यांचा कूलर पुसून, गोणपाट घालून बाल्कनीत गेला. रात्री गेम लावला आणि मला वाटलं पीसीचे पंखे बंद पडलेत. हात लावून पाहिला, हवा येत होती. सहाशे फेऱ्या, कार्ड ५२. कान कॅबिनेटला लावला तेव्हा एक बारीक सळसळ. म्हणजे ज्या शांततेसाठी मी मार्चमध्ये पैसे मोजले, ती मला आठव्या महिन्यात ऐकू आली. मधले सगळे दिवस मी पाच फुटी कूलरच्या शेजारी बसून पी१२ किती शांत आहे याचे आकडे वाचत होतो! त्या रात्री दोन वाजेपर्यंत उगाच बसलो. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. साडेचार गुण त्या रात्रीचे आहेत.

इथपर्यंतचं दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं. दर रविवारी मी टॉर्च घेऊन पिल्लं मोजतो, तशी आज टाकायच्या आधी मोजली. बारा. पुन्हा मोजली. बाराच. मेमरीवरचं डाव्या हाताचं तिसरं गायब, चिपवर टेपही नाही. तळाशी नाही, ठोकळ्यामागे नाही, पंख्यात नाही. पॉवर सप्लायच्या जाळीची भोकं मोजली, पिल्लू त्यातून आडवं जात नाही, उभं जातं. पीसीची वायर काढून ठेवली आहे आणि हे मोबाइलवरून टाकतोय. गुण चार करा.